कंबर दुखते हे कळतं, राग आलाय हे कळत नाही

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत कुठल्याही दवाखान्यात जा, एक्स-रे, एमआरआयची पाकिटं मांडीवर घेऊन बसलेली माणसं दिसतील. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' हे ऐकून ती घरी परततात आणि घरचे म्हणतात, म्हणजे काही झालेलंच नाही! हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि दुखणाऱ्या माणसावर अन्याय करणारा आहे.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचाही अनुभव आहे, असं वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 सालीच व्याख्येत नोंदवलं. 2020 मध्ये व्याख्या बदलली तरी हा भाग कायम राहिला. मेंदूतल्या इन्शुला या भागात धडधड, पोटातली कालवाकालव, श्वास अशा शरीराच्या आतल्या खबरी पोहोचतात. वेदना आणि भावना, दोन्हींच्या घडणीत त्याचा हात असतो.

काही जणांना या खबरींचा अर्थ लागत नाही. छाती धडधडते, जबडा आवळला जातो, खांदे ताठरतात, पण हा राग आहे, भीती आहे की नुसता थकवा, हे उमगत नाही. बॉस्टनमधले मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी 1970च्या दशकात याला 'अलेक्सिथायमिया' हे नाव दिलं. हा आजार नव्हे, स्वभावाचा पैलू आहे. साधारण दहांतल्या एकात तो ठळक असतो. फायब्रोमायल्जियासारख्या (अंगभर दुखत राहणारा आजार) जुनाट दुखण्यांत हे प्रमाण बरंच जास्त आढळतं.

न ओळखलेल्या रागावर उपाय होत नाही. शरीर ताणातच राहतं, स्नायू आखडतात, झोप बिघडते, दुखणं अधिक असह्य होतं. अर्थात भावना न ओळखणं आणि दुखणं यांच्या नात्याचा मोठा भाग नैराश्य आणि चिंतेतून येतो. शिवाय वर्षानुवर्षं दुखणं सोसूनही मन बधिर होऊ शकतं, म्हणजे गाडी उलट्या दिशेनेही धावते.

भावना ओळखून बोलायला शिकवणाऱ्या उपचाराची अमेरिकेत फायब्रोमायल्जियाच्या 230 रुग्णांवर चाचणी झाली. 2017 मध्ये ती प्रसिद्ध झाली. सरासरी वेदनेत वेगवेगळे उपचार घेतलेल्या गटांत विशेष फरक दिसला नाही. मात्र वेदना निम्म्यावर आलेले रुग्ण या उपचारात, विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या प्रचलित सीबीटी उपचारापेक्षा जास्त होते. मला ही गोष्ट मोलाची वाटते.

'टेन्शन काही नाही जी, बस कंबर दुखते,' असं सांगणारी बाई खोटं बोलत नसते. तिला 'टेन्शन आहे का' विचारून उपयोग नाही. 'दुखणं वाढलं त्या दिवशी घरी काय झालं होतं?' हे विचारावं. वहीत रोजचं दुखणं आणि शेजारी दिवसभरातल्या घडामोडी लिहिल्या, तर डॉक्टरांनाही धागा सापडतो. नागपुरातल्या मेडिकल, मेयो आणि एम्स या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे जाणं म्हणजे दुखणं खोटं ठरणं नव्हे. मात्र दुखण्यासोबत ताप, वजन घटणं, पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं असं काही असेल, तर आधी शरीराची तपासणी, तीही लगेच.