वेळेचा शिक्का ११.१७: जॅक रुबी खटल्याची पार्श्वभूमी

२४ नोव्हेंबर १९६३, रविवार. डॅलसमधल्या वेस्टर्न युनियनच्या कचेरीतून कॅरोसेल क्लबच्या मालकाने फोर्ट वर्थला आपल्या क्लबमधल्या एका नर्तकीला २५ डॉलर पाठवले. पावतीवर शिक्का पडला ११.१७ चा. तिथून पोलीस मुख्यालयाच्या तळघरात उतरणारा रस्ता जेमतेम एक चौक लांब. ११.२१ ला हाच माणूस, जॅक रुबी, तळघरातल्या गर्दीतून पुढे घुसला आणि हातकडीतल्या ली हार्वे ऑस्वाल्डच्या पोटात त्याने .३८ च्या रिव्हॉल्व्हरची एकच गोळी घातली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या दोन दिवसांपूर्वीच्या खुनाचा आरोप असलेला ऑस्वाल्ड टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना कोसळला.

गोळी कोणी झाडली, याला लाखो साक्षीदार होते. त्यामुळे बचावाला वाद घालायला जागा उरली ती आरोपीच्या मनाबद्दलच.

त्या काळी टेक्सासमध्ये वेडेपणाच्या बचावाला १८४३ चीच मोजपट्टी लागू होती. त्या वर्षी लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन या ग्लासगोच्या लाकूड-कातकाम करणाऱ्याने पंतप्रधान पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. टोरी पक्ष आपल्या मागावर आहे, असा त्याचा भ्रम होता. गंमत अशी की पावती त्या प्रकरणातही आहे. मॅकनॉटनकडे बँकेतल्या ७५० पौंडांच्या ठेवीची पावती सापडली आणि तेवढ्यावर ‘हा पैसे घेऊन आलेला मारेकरी’ हा संशय आजतागायत टिकून आहे. तो निर्दोष सुटल्यावर गदारोळ झाला आणि उमराव सभेने न्यायाधीशांकडून नियम स्पष्ट करून घेतला: मनाच्या आजारामुळे आरोपीला आपण काय करतोय हे कळत नव्हतं, किंवा ते चूक आहे हे कळत नव्हतं, हे बचाव पक्षाने दाखवायचं. नुसतं आजारी असणं पुरेसं नाही.

हीच कसोटी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली याच कलमाचा लाभ दिला. तिथे उपयोगी पडली ती घटनेच्या आधीची आणि नंतरची उपचारांची कागदपत्रं, घराण्यातला मनोविकाराचा इतिहास आणि त्याने पळून जायचा किंवा काही लपवायचा प्रयत्न न करणं. रुबीच्या वकिलांकडे गोळीबाराआधीची अशी वैद्यकीय साखळी नव्हती.

पहिले वकील टॉम हॉवर्ड डॅलसचेच. त्यांचा बेत साधा होता. टेक्सासच्या कायद्यात ‘दुष्ट हेतूविना खून’ असा प्रकार होता आणि त्याला जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा. भडकलेला माणूस, क्षणात केलेलं कृत्य. ११.१७ ची पावती या मांडणीला चपखल बसते. ऑस्वाल्डला हलवायची जाहीर झालेली वेळ दहाच्या सुमाराची होती. चौकशी लांबली म्हणून उशीर झाला. बेत ठरवून आलेला मारेकरी सव्वाअकराला पैसे पाठवत बसत नाही, लाडक्या कुत्रीला गाडीत ठेवून येत नाही.

मग सॅन फ्रान्सिस्कोचे मेल्विन बेली आले आणि त्यांनी सगळा भार वैद्यकशास्त्रावर टाकला. येलचे मानसशास्त्रज्ञ रॉय शेफर यांच्या चाचण्यांतून मेंदूच्या विकाराचा अंदाज निघाला होता. त्यावरून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढला गेला आणि ‘सायकोमोटर’ अपस्माराचा दावा उभा राहिला: झटक्यात माणूस हालचाली करतो, पण त्याला भान नसतं. ईईजीतले नामवंत तज्ज्ञ फ्रेडरिक गिब्ज यांनी आलेखात विकृती असल्याचं सांगितलं. मात्र रुबीला बरं-वाईट कळत होतं का, यावर आपलं काही मत नाही, असं ते उलटतपासणीत म्हणाले. बचावाची भिंत इथेच खचली. कसोटी कळण्या-न कळण्याची होती, आलेखाची नव्हे. शिवाय गोळीनंतर तो काय-काय बोलला, हे पोलीस एकामागोमाग सांगत होते. भान नसलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभत नव्हतं.

१४ मार्च १९६४ ला ज्यूरीने सुमारे सव्वादोन तासांत मृत्युदंड दिला. हॉवर्ड यांचा बेत जास्त शहाणपणाचा होता, असंच म्हणावं लागतं.

रुबीचं मन खरोखर ढासळलं ते शिक्षेनंतर, तुरुंगात. आपल्यामुळे ज्यूंची कत्तल चालली आहे, असं त्याला वाटू लागलं. ७ जून १९६४ ला केनेडींच्या खुनाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे प्रमुख अर्ल वॉरन आणि सदस्य जेरल्ड फोर्ड जबानी घ्यायला आले तेव्हा ‘मला वॉशिंग्टनला न्या’ अशी विनवणी तो पुन्हापुन्हा करत राहिला. वॉरन यांनी ती मान्य केली नाही. कटवाद्यांना हे वाक्य म्हणजे गुपिताची चावी वाटतं. पण त्याच जबानीत भ्रमही आहेत, ते सोयीने गाळले जातात. तुरुंगात त्याला तपासणारे मनोविकारतज्ज्ञ लुईस जॉलियन वेस्ट सीआयएच्या एमकेअल्ट्रा या मनावर ताबा मिळवण्याच्या गुप्त प्रकल्पाशी जोडलेले होते, हे पुढे उघड झाल्यावर संशयाला नवं खतपाणी मिळालं.

कटाच्या चर्चेतला सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र तळघरातल्या प्रवेशाचा आहे. वॉरन आयोगाच्या मते रुबी मेन स्ट्रीटच्या उतारावरून आला. त्या तोंडावरच्या पोलिसाने हे कायम नाकारलं. १९७९ साली केनेडींच्या खुनाची पुन्हा चौकशी करणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीला गल्लीकडच्या जिन्याची वाट अधिक संभाव्य वाटली, आणि कदाचित कोणाची मदतही.

५ ऑक्टोबर १९६६ ला टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. सार्जंट पॅट्रिक डीन यांनी साक्षीत सांगितलेला, ‘शुक्रवारी (केनेडींच्या खुनाच्या दिवशी) रात्रीच मनात आलं होतं’ अशा अर्थाचा रुबीचा कबुलीजबाब ताब्यात असताना दिलेला, म्हणून अग्राह्य ठरला. खटला डॅलसमध्ये चालवणंही चूक ठरलं. नवी सुनावणी विचिटा फॉल्सला होणार होती. त्याआधीच, ३ जानेवारी १९६७ ला, कर्करोगाने पोखरलेला रुबी फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून पार्कलँड रुग्णालयात मरण पावला. केनेडी आणि ऑस्वाल्ड यांचा मृत्यू जिथे झाला, तेच हे रुग्णालय. त्या दिवशी कायद्याच्या लेखी त्याच्यावर कोणताही गुन्हा शाबीत नव्हता.