स्कॉटलंडहून परदेशी क्लबकडे: फुटबॉलपटूची पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

लुईस फर्ग्युसन २०२२ च्या उन्हाळ्यात ॲबर्डीन सोडून इटलीतल्या बोलोन्याकडे गेला आणि मे २०२५ मध्ये त्याच क्लबचा कर्णधार म्हणून त्याने इटालियन चषक उचलला. त्याच महिन्यात स्कॉट मॅकटॉमिने नापोलीकडून इटालियन लीग जिंकला आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. ही नावे आता सगळ्यांना माहीत आहेत. मात्र स्कॉटलंडमधून परदेशात खेळायला जाताना कोणते कागद, कोणत्या क्रमाने लागतात हे फारसे कुणी सांगत नाही. क्रम चुकला तर चांगला खेळाडूही अर्धा हंगाम नुसता सराव करत बसतो, म्हणून ही माहिती.

पात्रता: आधी वय, मग करार

फिफाच्या नियमांनुसार १८ वर्षे पूर्ण होण्याआधी खेळाडूला एका देशाच्या फुटबॉल संघटनेतून दुसऱ्या देशाच्या संघटनेत जाता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत. युरोपीय महासंघाच्या हद्दीत १६ ते १८ वयाच्या मुलांना काही अटींवर जाता येते. ब्रिटन महासंघात होते तोवर ही वाट स्कॉटिश मुलांनाही खुली होती. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचा लियम मॉरिसन २०१९ मध्ये अशाच वयात बायर्न म्युनिककडे गेला. ब्रिटन महासंघातून बाहेर पडल्यामुळे १ जानेवारी २०२१ पासून ती वाट बंद झाली. ब्रिटनच्या आत मात्र चालते, कारण एकाच देशातल्या दोन संघटनांमधला बदल हा वेगळा अपवाद आहे. बेन डोक २०२२ मध्ये १६ व्या वर्षी सेल्टिकमधून लिव्हरपूलला गेला, तो याच सोयीमुळे. तेव्हा १६ वर्षांच्या मुलाला कुणी जर्मनी किंवा इटलीचे स्वप्न दाखवत असेल, तर पालकांनी आधी नेमका कोणता अपवाद लागू होतो ते विचारावे.

आणखी एक अपवाद आपल्या लोकांच्या उपयोगाचा आहे. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने देश बदलत असतील, तर मुलाची नोंदणी नव्या देशात होऊ शकते. ग्लासगो किंवा एडिनबरात नोकरीला असलेले मराठी कुटुंब पुण्याला परतले आणि १३ वर्षांचा मुलगा तिथल्या क्लबमध्ये नोंदलेला होता, तर इथल्या क्लबला थेट नाव घालता येत नाही. मुलाचा जन्मदाखला, त्याची आणि पालकांची ओळखपत्रे, पालकांचे नोकरीचे कागद आणि नव्या पत्त्याचा पुरावा जोडून संघटनेमार्फत मंजुरी घ्यावी लागते. १० वर्षांखालच्या मुलांना आंतरराष्ट्रीय बदलीचा दाखला, म्हणजे जुन्या देशाच्या संघटनेने नव्या देशाच्या संघटनेला द्यायचा कागद, लागत नाही.

आता करार. चालू करार संपायला सहा महिने किंवा कमी उरले असतील तरच खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. त्याआधी खेळाडू हवा असेल तर नव्या क्लबने सध्याच्या क्लबला लेखी कळवून बोलणी करायची. करार संपल्यावर मोकळेपणाने, विना मोबदला, म्हणजे जुन्या क्लबला पैसे न देता, जाण्याची मुभा युरोपीय न्यायालयाच्या डिसेंबर १९९५ च्या बॉसमन निकालाने दिली. स्कॉटिश खेळाडूंनी तिचा उपयोग लगेच केला. १९९६ मध्ये जॉन कॉलिन्स सेल्टिकमधून मोनॅकोला गेला, तर मदरवेलचा पॉल लॅम्बर्ट चाचणी देऊन डॉर्टमुंडमध्ये दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकून बसला.

नवा करार किमान चालू हंगामाच्या अखेरपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. १८ वर्षांखालच्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त बांधता येत नाही.

सही करण्याआधी व्हिसा पाहा

या लेखातले एकच लक्षात ठेवायचे असेल तर हे. वैद्यकीय तपासणीत पास झालास, वर्क परमिट मिळाले, तरच करार लागू होईल, अशी अट करारात घालता येत नाही. फिफाचा नियम तसे स्पष्ट सांगतो. नियम खेळाडूच्या बाजूचा आहे आणि तो योग्यच आहे, कारण सही झाली की पगाराची जबाबदारी क्लबवर येते. पण पगाराचा हक्क असून मैदानावर उतरता येत नाही, ही अवस्था विशीतल्या मुलासाठी फार वाईट. म्हणून व्हिसा मिळेल का आणि त्या लीगमध्ये परदेशी खेळाडूची जागा शिल्लक आहे का, ही दोन्ही उत्तरे सहीआधी क्लबकडून लेखी घ्यावीत. ज्यांच्या आजी-आजोबांपैकी कुणी आयर्लंडमध्ये जन्मलेले आहे, त्यांनी आयरिश पासपोर्टची चौकशी जरूर करावी. स्कॉटलंडमध्ये अशी घरे पुष्कळ आहेत आणि तो पासपोर्ट हाती असला की युरोपीय महासंघात काम करायला वेगळा परवाना लागत नाही.

इटलीचे उदाहरण घेऊ. ब्रिटिश पासपोर्टवर जाणाऱ्यासाठी क्लब तिथल्या फुटबॉल महासंघामार्फत ऑलिंपिक समितीकडे, म्हणजे कोनीकडे, खेळाडूच्या नावाने संमतीपत्र मागतो. त्यावर पोलिस मुख्यालयाची हरकत नसल्याची नोंद होते आणि मग खेळाडू एडिनबरातल्या इटालियन वाणिज्य दूतावासात व्हिसासाठी अर्ज करतो. खेळाडूंना देशात येऊ देण्याचा कोटा सरकार ठरवते, त्यामुळे अर्ज लवकर करण्याला अर्थ आहे. इटलीत पोहोचल्यावर आठ दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो.

नोंदणी कशी होते

खेळाडूने स्वतः कुठलाही फॉर्म भरून पाठवायचा नसतो. नवा क्लब फिफाच्या टीएमएस या ऑनलाइन प्रणालीत माहिती भरतो. ऑक्टोबर २०१० पासून व्यावसायिक खेळाडूंसाठी हीच सक्तीची वाट आहे. मोबदला देऊन बदली असेल तर जुना क्लबही आपली माहिती भरतो आणि दोन्हीकडचे तपशील तंतोतंत जुळावे लागतात. पासपोर्ट किंवा ओळखपत्र, नवा करार, क्लबांमधला बदली करार आणि आधीचा करार कधी व का संपला याचा पुरावा जोडतात. खेळाडूच्या आर्थिक हक्कांत कुणा त्रयस्थाचा वाटा नाही, असे सही केलेले निवेदनही लागते.

मग नव्या देशाची संघटना ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कमधल्या स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनकडे आंतरराष्ट्रीय बदलीचा दाखला मागते. या दाखल्याला शुल्क नाही आणि त्यावर कसली अटही घालता येत नाही. जानेवारी २०२५ पासूनच्या तात्पुरत्या नियमांनुसार ७२ तासांत उत्तर आले नाही, तर नवी संघटना खेळाडूची नोंदणी करू शकते. मात्र सगळे ट्रान्स्फर विंडोच्या, म्हणजे खेळाडू नोंदवण्याच्या ठरलेल्या मुदतीच्या, आत बसले पाहिजे. ज्याचा करार विंडो संपण्याआधीच संपला होता, अशा मोकळ्या खेळाडूला विंडोनंतरही नोंदवता येते.

खेळाडूचा पासपोर्ट आणि लहान क्लबांचे पैसे

इथला पासपोर्ट म्हणजे प्रवासाचा नव्हे. बाराव्या वाढदिवसाच्या वर्षापासून खेळाडू कोणकोणत्या क्लबांत नोंदलेला होता, त्याची ही यादी असते. फर्ग्युसनच्या यादीत रेंजर्स, हॅमिल्टन आणि ॲबर्डीन येतात. कराराच्या मुदतीत मोबदला देऊन बदली झाली की रकमेचे ५ टक्के या जुन्या क्लबांत वाटले जातात: वयाच्या १२ ते १५ च्या प्रत्येक हंगामाला त्या हिश्श्याचे ५ टक्के आणि १६ ते २३ च्या प्रत्येक हंगामाला १० टक्के. समजा ४० लाख पौंडांची बदली झाली, तर वाटायला २ लाख येतात. ज्या क्लबात मुलगा सोळाव्या वर्षी एक हंगाम खेळला त्याला २० हजार पौंड मिळतात. स्कॉटलंडच्या खालच्या विभागांतल्या क्लबसाठी ही रक्कम मोठी आहे. शाळकरी वयातली एखादी नोंद गळली तर हा वाटा चुकतो, म्हणून निघण्यापूर्वी खेळाडूने ही यादी स्वतः वाचून पाहावी. ज्यांनी चिखलात, पावसात त्याला घडवले त्यांच्यासाठी एवढे करायलाच हवे. नोव्हेंबर २०२२ पासून हे वाटप पॅरिसमधले फिफा क्लिअरिंग हाऊस करते.

ब्रिटन सोडताना करखात्याला पी८५ फॉर्मने कळवावे, नाहीतर दोन्ही देशांच्या करांचा घोळ वर्षभर पुरतो. राष्ट्रीय संघाच्या पात्रतेला परदेशी क्लबमुळे धक्का लागत नाही. फिफाच्या ठरलेल्या तारखांना क्लबने खेळाडूला सोडावेच लागते.

हीच प्रक्रिया भारतातही लागू आहे. स्टर्लिंगचा ग्रेग स्ट्युअर्ट २०२१ मध्ये जमशेदपूरला आणि २०२२ मध्ये मुंबई सिटीला आला. भारतात परदेशी खेळाडूला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. तो १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी करायची. परतताना दाखला उलट दिशेने जातो आणि तेव्हा एक मर्यादा आड येऊ शकते. एका हंगामात तीन क्लबांत नोंदणी चालते, पण अधिकृत सामने दोघांकडूनच खेळता येतात. स्ट्युअर्ट २०२३-२४ च्या हंगामात मुंबईकडून खेळला आणि जानेवारीत किल्मार्नॉककडे गेला. तिथे दुसरा क्लब झाला. कोलकात्याच्या मोहन बागानकडे तो गेला पुढच्या हंगामात. हंगामाच्या मध्यात क्लब बदलणाऱ्याने ही मोजणी जानेवारीआधीच करून ठेवावी.