तुकडे पाडणं वेगळं, उशिरा मागवणं वेगळं

‘आम्ही कोड स्प्लिटिंग केलंय, म्हणजे लेझी लोडिंग आलंच.’ हे वाक्य या पावसाळ्यात तिसऱ्यांदा ऐकलं. आलं नाही हो, अजिबात नाही.

वेबसाइटचा सगळा जावास्क्रिप्ट कोड एकत्र बांधून केलेली फाइल, म्हणजे बंडल. स्प्लिटिंग हे बिल्डच्या वेळचं, म्हणजे ही फाइल तयार करतानाचं काम: एका फाइलीच्या चार होतात. त्यातली कुठली ब्राउझरने कधी मागवायची, हा लेझी लोडिंगचा प्रश्न. पाच डझनांच्या पेटीऐवजी डझनाडझनाचे खोके भरलेत आणि पाचही एकाच टेम्पोत वाशीला धाडलेत, तर भाडं काय कमी होणार?

रिअ‍ॅक्टसारख्या लायब्रऱ्या (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) व्हेंडर चंकमध्ये, म्हणजे त्यांच्या स्वतंत्र तुकड्यात, वेगळ्या काढल्या, तरी पहिल्यांदा येणाऱ्याला सगळं उतरवावंच लागतं. फायदा परत येणाऱ्याचा. तुमचा कोड बदलला तरी व्हेंडर फाइलीच्या नावातला हॅश (आतल्या मजकुरावरून बनलेला अक्षरांचा ठसा) तोच राहतो, आणि ती कॅशमधून, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या प्रतीतून मिळते.

उशिरा मागवायला लागतो कंसवाला इम्पोर्ट, म्हणजे import() असा लिहिलेला, जावास्क्रिप्टच्या २०२० च्या मानकात आलेला. इथेच लोक घसरतात. तेच मॉड्यूल (कोडची एक फाइल) मुख्य कोडात दुसरीकडे कुठे साध्या, बिनकंसाच्या इम्पोर्टने ओढलेलं असेल, तर ते मुख्य बंडलातच राहतं. कंसाचा काही उपयोग नाही. गुहागरच्या एका होमस्टेच्या साइटवर मीच हे केलं होतं. बुकिंगचं कॅलेंडर कंसात घातलं, पण तारीख छापायचं छोटं फंक्शन त्याच फाइलीत होतं आणि हेडर ते वापरत होता. अख्खं कॅलेंडर पहिल्याच पानाला चिकटलेलं. फंक्शन वेगळ्या फाइलीत हलवलं तेव्हा सुटलं. व्हीट हे बंडल बांधणारं साधन अशा वेळी बिल्डमध्ये इशारा देतं, पण तो वाचतो कोण!

(चित्रांचं लेझी लोडिंग हा निराळाच प्रकार. नाव तेवढं सारखं.)

आणि उशिरा मागवणं फुकट नाही. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आत शिरून रेंज गेल्यावर कुणी ‘बुक करा’ दाबलं आणि त्याचा चंक तेव्हा मागवायला निघालात, तर उक्षी स्टेशन सोडलेला माणूस पुढचं भोके येईपर्यंत गोल फिरणारं चक्र बघत बसेल. दुसरं दुखणं नव्या डिप्लॉयचं, म्हणजे साइटची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्याचं: जुन्या हॅशच्या फाइली पुसल्यात, तर कालपासून उघड्या असलेल्या टॅबला ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’ असा निरोप मिळतो. जुन्या फाइली सर्व्हरवर काही दिवस राहू द्या, जागा कितीशी लागते?

माझ्या साइटवर बुकिंगचं बटण पहिल्या पानासोबतच येतं आणि कॅलेंडर ब्राउझर रिकामा झाला की मागून, कुणी दाबायची वाट न बघता. फोटोंची गॅलरी नि मालकाची हिशेबाची पानं मात्र खुशाल उशिरा येऊ देत.