सदाशिव पेठेच्या पिनकोडात दडलेला 4567

परवा पार्सलच्या लायनीत उभा होतो, फॉर्मवर 411030 लिहिलं आणि दुसरं काही करायला नव्हतं म्हणून त्याचेच अवयव पाडत बसलो. शेवटी शून्य म्हणजे 10 ने जाणार, अंकांची बेरीज 9 म्हणजे 9 ने पण जाणार, म्हणून सरळ 90 ने भागलं आणि उत्तर आलं 4567. सलग चार अंक! म्हटलं भागाकारात घोळ झाला, परत केला, तेच.

आता 4567 ला पुढे कशाने भाग जातो बघायला गेलं तर कशानेच नाही. 68 चा वर्ग 4624 होतो, म्हणून 67 पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की काम झालं, कारण त्याहून मोठ्या संख्येने भाग गेला असता तर तिची जोडीदार लहान निघाली असती आणि ती आधीच सापडली असती. शेवटी 67 ने बाकी उरते 11, विषय संपला, मूळ संख्या. 1234, 3456, 5678 सगळे सम, 2345 पाचाच्या पाढ्यातला, 6789 ला 3 ने भाग जातो, म्हणजे अशा चढत्या चौकडीत मूळ एकटा 4567 आणि तो नेमका सदाशिव पेठेत, आता तिथले लोक काय काय ऐकवतील देव जाणे.

मग कापरेकर आठवले. द. रा. कापरेकर, फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीला शाळामास्तर. 1949 मध्ये त्यांना सापडलेला खेळ असा की चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर परत तेच. 7654 − 4567 = 3087, मग 8730 − 0378 = 8352, मग 8532 − 2358 = 6174, आणि इथून पुढे कितीही करा, 6174 च येत राहतं. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात, आपल्याला तीनच लागल्या. अर्थात सलग चार अंक कुठलेही घ्या, पहिली वजाबाकी 3087 च येते, त्यामुळे यात पेठेचं विशेष कौतुक नाही.

शिवाय हे सगळं आपण दहाच्या पद्धतीत आकडे लिहितो म्हणून चालतं. 4567 चं मूळ असणं मात्र तसं नाही, कॉम्प्युटरसारखं 0 आणि 1 मध्ये लिहा नाहीतर कसंही लिहा, ते बदलत नाही. मला जास्त भारी वाटतं ते हेच.

कापरेकरांनी अजून एक नाव दिलंय, हर्षद संख्या, म्हणजे जिला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. 411030 हर्षद आहे, पण बेरीज 9 आली की हे फुकटातच मिळतं, खडकीच्या 411003 ला पण मिळालंय. खरी कमाई बाणेरची, 411045, बेरीज 15, आणि 15 × 27403 बरोब्बर तेवढेच. गंमत म्हणजे कापरेकर जिथे शिकले त्या फर्ग्युसनचा 411004, बेरीज 10 आणि शेवटी शून्य नाही, म्हणजे नापास. औंध तर एकाने हुकलं, 411007 ची बेरीज 13 आणि भाग जातो 411008 ला. आमचं कोथरूड 411038, बेरीज 17, बाकी 12. जाऊ दे.