ईस्ट ससेक्सची किनारी गावं आणि तिथली भटकंती

ईस्ट ससेक्स ही इंग्लंडच्या दक्षिण टोकाची, इंग्लिश खाडीला लागून असलेली काउंटी. ससेक्स हे नाव दक्षिणेकडच्या सॅक्सन लोकांवरून पडलंय. लंडनहून ट्रेनने तासाभरात ब्रायटन येतं, त्यामुळे बहुतेक लोक ब्रायटनला उतरतात, पिअरवर, म्हणजे समुद्रात लांबवर खांबांवर नेलेल्या धक्क्यावर, फोटो काढतात, चिप्स खातात आणि संध्याकाळी परत, आणि वर म्हणतात आम्ही इंग्लंडचा समुद्र बघितला. खरं तर ब्रायटनपासून पूर्वेला राय आणि कॅम्बरपर्यंत किनाऱ्याने गेलं तर दर थोड्या अंतरावर वेगळ्याच स्वभावाचं गाव लागतं, एक उनाड, एक शिस्तीचं, एक कोळ्यांचं, आणि एक तर असं की त्याला सोडून समुद्रच निघून गेला. (कागदोपत्री ब्रायटन अँड होव्हचा कारभार १९९७ पासून काउंटी कौन्सिलकडे नाही आणि २००० साली त्याला शहराचा दर्जाही मिळाला, पण ब्रायटन सोडून इथली नोंद लिहिणं म्हणजे गणपती सोडून आरती.)

आधी एक गैरसमज काढून टाकू. समुद्र म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गुहागर-दिवेआगरची पुळण येते, इथे ब्रायटन, ईस्टबोर्न, हेस्टिंग्ज सगळीकडे गोटे आहेत गोटे! अनवाणी चालायला गेलात तर दहा पावलांत बूट आठवतात. पाणी भर उन्हाळ्यातही गार. मग लोक इथे यायला लागले कशासाठी, तर औषध म्हणून. १७५० च्या सुमारास ल्युइस गावच्या डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी समुद्राचं पाणी गाठींच्या आजारावर कसं गुणकारी आहे यावर ग्रंथ लिहिला, पेशंटना त्यात डुंबायला लावलं आणि चक्क प्यायलाही लावलं, आणि त्यांच्यामागून श्रीमंत मंडळी ब्रायटनला येऊ लागली, जे तोपर्यंत एक गरीब मच्छीमार गाव होतं. १७८३ मध्ये तरुण प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, तिथे आला आणि मग औषध मागे पडून मजा पुढे आली. १८४१ ला रेल्वे आली, लंडनचा कामकरी माणूस रविवारची सुट्टी साजरी करायला येऊ लागला. राजघराण्याची शांतता गेली ती गेलीच. व्हिक्टोरिया राणीला ही गर्दी काही मानवली नाही आणि १८५० मध्ये रॉयल पॅव्हेलियन हा महाल गावालाच विकून टाकला गेला.

हा पॅव्हेलियन बघायलाच हवा. जॉन नॅश या वास्तुविशारदाने १८१५ ते १८२३ च्या दरम्यान त्याला आजचं रूप दिलं, बाहेरून घुमट, मिनार, जाळ्या असा मुघल थाट आणि आत गेलं की सगळी चिनी सजावट, ड्रॅगन वगैरे. गंमत म्हणजे नॅश भारतात कधी आलाच नव्हता. पण खरा भारत या इमारतीत आला तो पुढे शंभरेक वर्षांनी, पहिल्या महायुद्धात. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी १९१४ च्या डिसेंबरपासून इथे इस्पितळ चालवलं गेलं, हिंदू, मुसलमान, शीख सगळ्यांचे नियम सांभाळायला ९ वेगवेगळी स्वयंपाकघरं, पिण्याच्या पाण्याचे नळही वेगळे. यात माया किती होती आणि हिंदुस्थानात दाखवायचा प्रचार किती हा वेगळा विषय, फोटो आणि पोस्टकार्डं मात्र भरपूर काढली गेली. जे हिंदू आणि शीख सैनिक दगावले त्यांच्यापैकी ५३ जणांचं दहन शहराबाहेर डोंगरावर उघड्यावर झालं आणि त्याच जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली, तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांचा. इंग्रजही तिला ‘छत्री’च म्हणतात. गाडी अगदी दारापर्यंत जात नाही, पॅचमच्या बाजूने शेतांमधून चढत जावं लागतं, सोबत मेंढ्या असतात आणि वारा असतो, बाकी कुणी नाही. पिअरवर तासभर कमी घालवा पण इथे जाऊन या.

मराठी माणसाला ब्रायटन आणखी एका कारणाने माहीत असतं. १९०९ साली, मदनलाल धिंग्रा यांना फाशी झाली त्याच वर्षी, सावरकरांनी ‘सागरा प्राण तळमळला’ ही कविता याच किनाऱ्यावर रचली. पुढे हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीने ती घराघरात गेली. त्या गोट्यांवर लाट आपटून मागे सरताना जो खळखळाट होतो तो ऐकल्यावर ते गाणं आठवलं नाही असा मराठी माणूस विरळाच. आणि सावरकरांच्याही शंभरेक वर्षं आधी इथे पाटण्याचे शेख दीन महंमद येऊन राहिले होते, त्यांनी वाफेची स्नानं आणि चंपी-मालिशचा व्यवसाय इतका जोरात चालवला की दोन राजे त्यांचे गिऱ्हाईक झाले. शाम्पू हा शब्द चांपणे-चंपीच्याच घरातला आहे हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

बाकी ब्रायटन म्हणजे १८९९ चा पॅलेस पिअर. त्यावर झोपाळे, पाळणे, दोन-दोन पेन्स टाकायची मशीन्स. शेजारचा वेस्ट पिअर १९७५ ला बंद पडला, २००३ मध्ये जळला, त्याचा लोखंडी सांगाडा अजून पाण्यात उभा आहे, संध्याकाळी त्याचाच फोटो जास्त छान येतो. किनाऱ्याने धावणारी फोल्क्सची छोटी विजेची गाडी १८८३ ची आहे, अजून चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी विजेची रेल्वे तीच. आणि सीगल्स! हातातले चिप्स डोक्यावरून येऊन उचलतात, कौलारू घरावरची माकडं परवडली.

काउंटीचं मुख्य ठिकाण ल्युइस थोडं आत आहे, चढउताराचे रस्ते, नॉर्मन किल्ला, पुस्तकांची दुकानं. ‘राइट्स ऑफ मॅन’ हे माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक लिहिणारा टॉमस पेन अमेरिकेला जायच्या आधी १७६८ ते १७७४ इथेच होता. ५ नोव्हेंबरच्या रात्री गाव पेटल्यासारखं दिसतं, मशालींच्या मिरवणुका आणि जळते क्रूस, १७ प्रोटेस्टंटांना इथे १५५० च्या दशकात जिवंत जाळलं त्याची आठवण म्हणून. त्या दिवशी रेल्वेवर आणि रस्त्यांवर निर्बंध असतात, तेव्हा आयत्या वेळी निघू नका.

ब्रायटनहून ईस्टबोर्नला जाणारी कोस्टर बस घ्यावी आणि वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडावी. वाटेत सेव्हन सिस्टर्स लागतात, शाळेतल्या खडूसारख्याच खडूचे पांढरेशुभ्र कडे, आणि शेवटी बीची हेड, १६२ मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच खडूचा सागरी कडा. खाली समुद्रातलं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह वरून खेळण्याएवढं दिसतं. खडू ठिसूळ असतो, कडा अचानक ढासळतो, त्यामुळे सेल्फीसाठी काठाशी जायचं नाही, खालीही कड्याला टेकून बसायचं नाही. कार्ल मार्क्सचा सहकारी फ्रीडरिश एंगल्स याची रक्षा १८९५ मध्ये इथल्याच समुद्रात सोडली होती.

त्याच एंगल्सला आवडणारं ईस्टबोर्न मात्र एका सरदाराने वसवलेलं आहे. ड्यूक ऑफ डेव्हनशरने जमीन आपल्या हातात ठेवून गाव आखलं, त्यामुळे समुद्रासमोर दुकानं जवळजवळ नाहीतच, नुसती पांढरी हॉटेलं, फुलांचे ताटवे आणि बँडस्टँड. निवृत्त लोकांचं गाव म्हणून चिडवतात, पण आपल्या आईवडिलांना घेऊन आलात तर सपाट, लांबलचक, बाकडी असलेला रस्ता याच्याइतका चांगला दुसरा नाही. विम्बल्डनच्या आधी जूनमध्ये इथे टेनिस स्पर्धा होते.

पुढे बेक्सहिलला ट्रेनमधून उतरायचं ते फक्त १९३५ च्या डी ला वॉर पॅव्हेलियनसाठी, काच आणि पोलादाची गोल जिन्याची इमारत, गच्चीवर चहा घ्या आणि पुढची गाडी पकडा.

हेस्टिंग्जचं नाव १०६६ च्या लढाईमुळे जगभर, पण लढाई इथे झालीच नाही, ती झाली दहाएक किलोमीटर आत, आणि त्या गावाचं नावच बॅटल. ही लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झालेल्या नॉर्मंडीच्या विल्यमने तिथे मठ बांधला, रणभूमीवर आज फिरता येतं. हेस्टिंग्जमध्ये बघायचं ते जुनं गाव आणि कोळीवाडा. बंदर नाही म्हणून बोटी थेट गोट्यांवर ओढून ठेवतात, शेजारी जाळी ठेवायच्या काळ्या, उंच, अरुंद लाकडी खोल्या, जमीन कमी म्हणून वरवर चढवलेल्या. ताजे मासे तिथेच मिळतात. मालवणच्या माणसाला इथे ब्रायटनपेक्षा जास्त करमेल. साठ-सत्तरच्या दशकात लोक स्वस्त विमानाने स्पेनला जाऊ लागल्यावर या गावांची रया गेली, ती हेस्टिंग्जमध्ये अजूनही काही गल्ल्यांत दिसते. त्यांचा पिअर २०१० मध्ये जळला, २०१६ ला नव्याने उघडला आणि पुढच्या वर्षी त्याला वास्तुकलेचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला.

राय हे गाव एकेकाळी बंदर होतं, नदीच्या गाळाने समुद्र मागे हटत गेला, आता तो तीनेक किलोमीटरवर आहे. मर्मेड स्ट्रीटच्या गोटे बसवलेल्या चढावर वाकडी लाकडी घरं, स्मगलरांच्या कहाण्या आणि पर्यटकांची रांग. जवळच कॅम्बर सँड्स, इथे मात्र शेवटी खरी वाळू मिळते, वाळूच्या टेकड्यांसकट! ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि भरती आली की मागच्या बाजूने आधी भरतं, तेव्हा पोरं वाळूत रमलीत म्हणून घड्याळ विसरू नका. परतीला ब्रायटनपर्यंत उलटं जायची गरज नाही, रायहून छोटी डिझेल गाडी ॲशफर्डला नेते आणि तिथून हायस्पीड ट्रेन चाळीसेक मिनिटांत लंडनच्या सेंट पँक्रसला सोडते.