डास आणि फायलेरिया कृमी (कोकण)

फायलेरिया हे दोऱ्यासारख्या लांब, बारीक कृमींचे कुळ. ज्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले, त्याचा अर्थही 'दोरा' असाच आहे. पूर्ण वाढलेले कृमी माणूस, कुत्रा, गाय-म्हैस अशा प्राण्यांच्या शरीरात राहतात. मादी आपली सूक्ष्म पिल्ले (मायक्रोफायलेरिया) रक्तात सोडते. ती रक्तात कितीही काळ फिरली तरी त्या प्राण्यात मोठी होत नाहीत. त्यासाठी त्यांना काही दिवस डासाच्या शरीरात काढावे लागतात.

कोकणच्या दृष्टीने या कुळातले तीन कृमी महत्त्वाचे : माणसाला हत्तीरोग देणारा वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय, कुत्र्याच्या कातडीखाली राहणारा डायरोफायलेरिया रिपेन्स आणि गुरांच्या पोटातला सेटारिया डिजिटाटा. कुत्रे पाळणारे सर्वांत जास्त धास्ती घेतात ती हृदयकृमीची, म्हणजे डायरोफायलेरिया इमिटिसची. भारतात त्याचा वावर मुख्यतः ईशान्येकडील राज्यांत आहे. पश्चिम किनाऱ्यावर रिपेन्सचे वर्चस्व आहे. परदेशी मजकुरावरून बेतलेल्या माहितीपत्रकांत हा भेद सहसा आढळत नाही.

'हृदयकृमी' हे नावही अर्धेच खरे. हा कृमी मुख्यतः फुप्फुसाच्या रोहिणीत राहतो. संख्या वाढली की हृदयाच्या उजव्या कप्प्यांत उतरतो. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते आणि कुत्र्यात ५ ते ७ वर्षे जगते. कुत्रा खोकू लागतो, थोडे धावला तरी दमतो, पुढे पोटात पाणी होते. डास चावल्यापासून रक्तात पिल्ले दिसेपर्यंत सहा-सात महिने जातात, त्यामुळे दुखणे लक्षात येते तेव्हा ते जुने झालेले असते.

डासाला रोगाचा 'वाहक' म्हणतात, पण इथे तो शब्द तोकडा पडतो. रक्ताबरोबर पोटात गेलेली वुचेरेरियाची पिल्ले डासाच्या पंख हलवणाऱ्या स्नायूंत शिरतात, तर डायरोफायलेरियाची त्याच्या मूत्रनलिकांत. तिथे ती दोनदा कात टाकतात. पिल्ले फार झाली तर डासच मरतो. २७ अंश सेल्सिअसच्या आसपास ही वाढ १० ते १४ दिवसांत पुरी होते. १४ अंशांखाली डायरोफायलेरियाची वाढ थांबते. किनारी कोकणात दिवसाचे सरासरी तापमान तितके उतरत नाही, म्हणून या चक्राला थंडीतही सुट्टी नाही. तयार झालेली अळी मग डासाच्या सोंडेत येऊन थांबते. डास चावताना ती कातडीवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून आपली आपण आत शिरते. हिवतापाचा जंतू लाळेबरोबर टोचला जातो, तसे इथे होत नाही.

आणखी एक फरक आहे. हिवतापाचे जंतू डासात अनेक पटींनी वाढतात. फायलेरियाचे पिल्लू एकाचे एकच राहते. म्हणून माणसाला हत्तीरोग व्हायला बहुधा अनेक महिने, वर्षे डास चावत राहावे लागतात. गणपतीला आठ दिवस आलेल्या चाकरमान्याला त्याचा धोका फार थोडा. धोका असतो तो गटाराशेजारच्या घरात बारमाही निजणाऱ्याला.

फायलेरियाची पिल्ले डासात वाढतात हा शोध १८७७ चा. स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे, रक्तात पिल्ले असलेल्या आपल्या माळ्याला चावलेले डास फाडून पाहिले, तेव्हा त्यांत वाढणाऱ्या अळ्या दिसल्या. मात्र डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला कृमी होतो, असा त्यांचा समज होता. सोंडेतली अळी १९०० मध्ये दिसली आणि तो समज सुटला. सुश्रुतसंहितेत श्लीपद, म्हणजे हत्तीपाय, जुने पाणी साचून राहणाऱ्या प्रदेशांत विशेष होतो असे म्हटले आहे. डासाचा उल्लेख नसला तरी रोख बरोबर जागी आहे.

वुचेरेरियाची पिल्ले दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि साधारण रात्री १० ते २ या वेळात कातडीजवळच्या रक्तात येतात. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासाची चावण्याची वेळही तीच. म्हणून हत्तीरोगाच्या तपासणीचे रक्त रात्रीच घेतात. कर्मचारी बॅटरी घेऊन वाडीत शिरतात, निजायला निघालेल्या माणसाचे बोट टोचून काचपट्टीवर थेंब घेतात, आणि खळ्यातला कुत्रा भुंकून वाडी डोक्यावर घेतो. त्याच्या रक्तात काय आहे हे कोणी पाहत नाही. सिंधुदुर्ग आणि ठाणे हे जिल्हे राज्याच्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत आले आहेत.

कुत्र्यातला रिपेन्स कधी कधी माणसात येतो. बहुधा एकच कृमी असतो, आणि माणसात त्याचा वंश सहसा वाढत नाही. पापणीवर गाठ येते, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर काहीतरी वळवळताना आरशात दिसते. डोळ्याचे डॉक्टर जागा बधिर करून बारीक छेद घेतात आणि चिमट्याने पांढरा दोरा ओढून काढतात. केरळ आणि किनारी कर्नाटकातून असे रुग्ण वारंवार नोंदले गेले आहेत.

सेटारिया गाई-म्हशींना फारसा त्रास देत नाही. तोच डासामार्फत शेळीत गेला तर वाट चुकून पाठीच्या कण्यात शिरतो आणि शेळी मागचे पाय ओढू लागते. घोड्यांतल्या अशा दुखण्याला 'कुमरी' म्हणतात. गोठा आणि शेळ्यांचा खुराडा एकाच पडवीला असला की हे अंतर डासाला काहीच नाही.

क्युलेक्सला घाण पाणी लागते : गटार, शोषखड्डा, नारळाची सोडणे (सालपटे) कुजत घातलेला खड्डा. पट्टेरी एडीस डास बागेत वाढतो : करवंट्यांत, पोफळीच्या गळलेल्या विऱ्यांत (झावळीच्या रुंद देठांत), टायरांत. संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधणे आणि विहिरीत गप्पी मासे सोडणे हे दोन्ही उपाय स्वस्त आहेत. पैकी जाळी पावसाळ्यात कुजते आणि पुन्हा बांधायची राहून जाते.

हत्तीरोगासाठी घरोघर डीईसी (डायइथाइलकार्बामाझिन) आणि अल्बेंडाझोल ही कृमिनाशक औषधे देतात. काही जिल्ह्यांत २०१८ पासून आयव्हरमेक्टिनचीही जोड मिळाली. उरलेली डीईसीची गोळी कुत्र्याला घालू नये : त्याच्या रक्तात हृदयकृमीची पिल्ले असतील तर ती एकदम मरून कुत्रा कोसळू शकतो. कुत्र्यासाठी आयव्हरमेक्टिनचा प्रतिबंधक डोस महिन्यातून एकदा असतो, किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे गुरांच्या इंजेक्शनच्या मानाने नगण्य. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना या औषधाचा मोठा डोस मेंदूला बाधतो, त्यामुळे गुरांचे औषध अंदाजाने कुत्र्याला टोचणे जिवावर बेतू शकते.