घोडा माणसाळलाय की नुसता दबलाय?

अमेरिकेत मस्टँग, म्हणजे तिथले रानटी घोडे, दत्तक घेता येतात. नेवाडा, वायोमिंग वगैरे पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी जमिनीवर हे घोडे मोकळे फिरतात, १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि कळप वाढले की ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी खातं त्यातले काही पकडून लोकांना देतं, मानेला डावीकडे फ्रीझमार्क (अतिथंड शिक्क्याने उठवलेली ओळखखूण) केलेला असतो आणि मालकीचा कागद वर्षभर नीट सांभाळल्यावरच मिळतो. घरी येतो तेव्हा माणसाशी त्याची ओळख म्हणजे चूटमध्ये, म्हणजे अरुंद पिंजऱ्यात, कोंडून दिलेली इंजेक्शनं, म्हणून तर मोठ्या घोड्याला ६ फुटांचं कुंपण लागतं.

आता असा घोडा थोड्या दिवसांत पाठीवर ब्लँकेट टाकलं तरी हलत नाही. लोक खूश, व्हिडिओ टाकतात, पण न हलण्याचे दोन प्रकार आहेत आणि लांबून दोन्ही सेमच दिसतात.

माणसाळलेला घोडा उभा असला तरी चालू असतो. एक कान तुमच्याकडे, एक मागच्या आवाजाकडे, डोळे मिचकावतो, मध्येच गवताचा घास घेतो, ब्लँकेट हुंगून बघतो, आणि दोरीला हलका ताण दिला की लगेच पाऊल टाकतो. दबलेला म्हणजे खांब. नजर एकीकडेच, तोंड आवळलेलं, शेपूट दाबलेली, हात लावला तर स्नायू दगडासारखे, गवत समोर असून खात नाही. हाच घोडा खोगिराचा पट्टा आवळला की एकदम उसळतो आणि मग म्हणे "काही कारण नसताना उडाला"! ओठ चाटले म्हणजे पटलं, असंही सांगतात, त्यावर फार जाऊ नका, ताण उतरतानाही घोडे तसं करतात.

फरक पडतो कुठे, तर ब्लँकेट कधी काढलं तिथे. जुन्या पद्धतीत घोडा खांबाला बांधून, कधी एक पाय वर बांधून, तो झगडायचा थांबेपर्यंत पोतं आपटत राहायचे. पळता येत नाही, झगडून उपयोग नाही, मग तो सोडून देतो, बस. दुसऱ्या पद्धतीत दोरी सैल असते, ब्लँकेट तो बिचकेल त्याच्या जरा अलीकडेच थांबवायचं, आणि त्याने क्षणभर श्वास सोडला की आपणच मागे व्हायचं. वेळ लागतो, बघायला बोअर पण होतं. पण यातूनच ग्राउंडवर्क, म्हणजे पाठीवर न बसता जमिनीवरून दिलेलं शिक्षण, बसतं, एक पाऊल मागे घेणं, मागचा भाग बाजूला सरकवणं, दोरी न ताणता सोबत चालणं. आणि सगळं डावीकडून आणि उजवीकडून दोन्हीकडून करायचं, एका बाजूने चालतं म्हणून दुसऱ्या बाजूनेही चालेल असं धरू नका.

दबलेला घोडा हाती आलाच तर खोगीर बाजूला ठेवा आणि कुंपणापलीकडून गवत देण्यापासून परत सुरू करा. थोड्या दिवसांनी तो फुरफुरेल, दोन पावलं लांब जाईल, आधीपेक्षा जंगली वाटेल, तेव्हा घाबरून परत बांधू नका, तो आता कुठे बोलायला लागलाय.